पाणपिसवांची शनिवार-रविवारची सुट्टी

"तुम्ही काय करता?" असं कुणी विचारलं की आमची आत्या शांतपणे सांगते, "मी पिसवा पाळते." समोरचा माणूस हळूच खुर्ची मागे घेतो. खुर्ची पूर्ण मागे जाईपर्यंत आत्या थांबते आणि मगच म्हणते, "पाण्यातल्या हो. चावत नाहीत."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आमच्याच घरात, जिन्यालगतच्या खोलीत राहते. बोलताना 'स' आला की तिच्या पुढच्या दातांमधून बारीक शिट्टी वाजते, त्यामुळे ती 'साहेब' म्हणाली की गल्लीतलं कुत्रं कान टवकारतं. एका प्रयोगशाळेत ती एकोणीस वर्षं काम करतेय. बाजारात येणाऱ्या नव्या पदार्थांनी माणसाला, मातीला, पाण्याला काही अपाय होतो का, ते तिथे तपासतात. त्यातही अतिशय बारीक कणांचे पदार्थ. नॅनो म्हणतात ते.

"किती बारीक?" बाबांनी एकदा विचारलं होतं. बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासतात, त्यामुळे बारीकपणा हा आपला प्रांत आहे असं त्यांना वाटतं. "आमच्याकडे पॉलिशची पूड असते बघ ताई, बोटाला लागली तरी कळत नाही."

"तुझी पूड म्हणजे दगडधोंडे," आत्या म्हणाली आणि तिने बाबांच्या डोक्यावरचा एक केस उपटला.

"अगं! मोजके उरलेत!"

"हा केस धर उजेडात. याची जाडी दिसतेय? या जाडीत आमचे हजार कण शेजारी शेजारी बसतील. मांडीला मांडी लावून नाही, ऐसपैस."

बाबा केस धरून खिडकीत बराच वेळ उभे होते. आई शाळेत गणित शिकवते, ती आतून पेन घेऊन आली. तिला राहवत नाही. भाजीच्या यादीच्या पाठीवर तिने एक ठोकळा काढला. एक सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद, तितकाच उंच. त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर, म्हणजे टपालाच्या मोठ्या तिकिटाएवढा. "आता हाच ठोकळा वन्संच्या कणांएवढा चिरायचा," आई म्हणाली, "माल तेवढाच, फक्त तुकडे. आता सगळ्या तुकड्यांच्या बाजू मिळवा." तिने शून्यं मोजली, परत मोजली, मग पेनाचं टोपण लावलं. "साठ चौरस मीटर."

"म्हणजे?"

"म्हणजे हे अख्खं घर. स्वयंपाकघर धरून."

एका बोटाच्या पेरावर मावणाऱ्या ठोकळ्यातून आमच्या घराएवढी जमीन निघते हे ऐकून आम्ही सगळेच थोडा वेळ फरशीकडे बघत बसलो. आत्या म्हणाली, "आणि जे काही होतं ते पृष्ठभागावरच होतं. चिकटणं, विरघळणं, भाजणं, सगळं. म्हणून ठोकळा निरुपद्रवी असला तरी त्याची पूड तशीच असेल असं मी धरून चालत नाही. पुडीला आम्ही नव्याने प्रश्न विचारतो."

वरच्या मजल्यावर तो प्रश्न फुप्फुसाच्या पेशींना विचारतात. खालच्या मजल्यावर मातीतल्या गांडुळांना. आणि मधल्या मजल्यावर, आत्याच्या खोलीत, पाणपिसवांना.

पाणपिसू म्हणजे तिळाहून लहान, काचेसारखा आरपार दिसणारा जीव. कोळंबीची अगदी लांबची चुलत बहीण. पोहते कशी, तर एक झटका मारून वर, मग जरा खाली, परत झटका, परत खाली. उचकी लागल्यासारखी. आत्याच्या खोलीत अशा हजारो उचक्या बरण्यांमधून चाललेल्या असतात. खोली कायम वीस अंशांवर. दिवा सोळा तास चालू, आठ तास बंद. एका कोपऱ्यात हिरव्या शेवाळाच्या पाण्याच्या बाटल्या, हे त्यांचं खाणं. पिसवांना रविवार कळत नाही, म्हणून आत्यालाही एकोणीस वर्षं रविवार नाही. ती सकाळी जाऊन त्यांना खाऊ घालून येते.

परीक्षा अशी असते. एक दिवसाच्या आतली पिल्लं घ्यायची. एका पेल्यात पाच, असे चार पेले, म्हणजे वीस पिल्लं. एका चौकडीत साधं पाणी. दुसरीत थोडी पूड, तिसरीत जास्त, चौथीत आणखी जास्त. अठ्ठेचाळीस तास खायला काही द्यायचं नाही. मग पेला हलकेच फिरवायचा आणि पंधरा सेकंद बघायचं. जी पोहली ती पास, जी हलली नाही ती गेली. किती गेली ते लिहायचं. आणि मग उरलेल्या, म्हणजे पास झालेल्या सगळ्या, औषधाच्या बाटलीत ओतून संपवायच्या. पूड प्यायलेल्या पिसवा परत बरणीत सोडता येत नाहीत आणि गटारात तर नाहीच नाही. तसं नियमात लिहिलंय. कागदावर शेवटची ओळच तशी छापलेली असते: 'विल्हेवाट लावल्याची वेळ'. तिथे वेळ टाकून आत्या सही करते.

तर याच शेवटच्या ओळीत आमची आत्या एकोणीस वर्षं खोटं लिहीत होती.

तिच्या चाचण्या बुधवारी सुरू व्हायच्या आणि शुक्रवारी चार वाजता संपायच्या. पास झालेल्या पिसवांना लगेच मारायला तिचा हात उठायचा नाही. "दोन दिवस उपाशीपोटी परीक्षा दिली, पास झाल्या, आणि बक्षीस काय, तर बाटली? माझ्याच्याने नाही होत," ती म्हणते. म्हणून ती कागदावर 'शुक्रवार, चार चाळीस' लिहायची, पेले मागच्या फळीवर ठेवायची, आणि सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन बाटलीत ओतायची. मधले शनिवार-रविवार पिसवांना सुट्टी. हे प्रयोगशाळेत कुणालाच माहीत नव्हतं. घरी मात्र आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि बाबा शुक्रवारी विचारायचेसुद्धा, "काय ताई, सुट्टी लागली का पोरींना?" आम्हाला यात फक्त गंमत दिसत होती.

मग तो काचेचा फवारा आला.

एका कंपनीने एक पूड आणली होती, कसल्याशा धातूपासून केलेली. पाण्यात घालून खिडकीवर फवारायची, की काच आपोआप स्वच्छ राहते. मोठ्या मोठ्या इमारतींच्या काचांना मारायचा विचार होता. कंपनीच्या माणसाला आत्याने पहिल्याच भेटीत 'गोडबोल्या' नाव ठेवलं. तो प्रत्येक वाक्य दोनदा म्हणतो आणि दुसऱ्यांदा म्हणताना मान तिरकी करतो. "अहो एकदम सेफ आहे मॅडम, एकदम सेफ. माझा मुलगा त्या खिडकीला जीभ लावतो. जीभ लावतो."

"कशाला लावतो?" आत्याने विचारलं.

"नाही, म्हणजे... खेळतो हो. खेळतो."

आत्याचं म्हणणं असं, की मुलाचं ठीक आहे, पण धुतलेल्या काचेचं पाणी जातं कुठे? गटारात. गटार कुठे? नदीत. म्हणून पिसवांना विचारायचं.

बुधवारी पूड पाण्यात कालवली. नुसती ढवळून ती कालवली जात नाही. कण एकमेकांना बिलगतात, गोळे होऊन तळाशी बसतात आणि वर राहतं स्वच्छ पाणी. पिसवा मजेत पोहतात आणि तुम्ही लिहिता 'सुरक्षित'. या फशी पडलेले मोठमोठे लोक आहेत, असं आत्या सांगते. म्हणून आपल्याला ऐकू येणार नाही इतक्या बारीक आवाजाने पाणी हलवणारं एक यंत्र आहे, त्यात ती पूड आधी फोडून घेतात. आत्याने ते सगळं नीट केलं. शुक्रवारी चार वाजता मोजलं. सगळ्यात जास्त पुडीच्या पाण्यातसुद्धा विसातल्या एकोणीस पोहत होत्या. साध्या पाण्यात वीसच्या वीस. झकास. आत्याने आकडे लिहिले, 'चार चाळीस' लिहिलं, सही केली आणि पेले मागच्या फळीवर ठेवले. सोमवारी अकरा वाजता साहेब अहवालावर सही करणार होते.

रविवारी ती खाऊ घालायला निघाली तेव्हा आई मला म्हणाली, "जा तू पण बरोबर. एकट्या गेल्या की दुपार करतात." मी गेले. दारातच आत्याने सांगितलं, "हात खिशात. कशालाही लावायचा नाही. श्वास घेतलास तर चालेल." मी हात खिशात घालून उभी राहिले. ती बरण्यांपाशी एकेकीची चौकशी करत शेवाळाचं पाणी घालत होती. "तुम्ही कालचं संपवलं नाहीत? आणि तुम्ही मात्र अधाशी." मग ती मागच्या फळीकडे गेली.



तिने एक पेला उजेडात धरला. हलकेच फिरवला. पंधरापर्यंत मोजलं, मला ऐकू येईल असं. मग दुसरा पेला. मग तिसरा, चौथा. मग साध्या पाण्याचे चार. तिथे उचक्या चालू होत्या, वर खाली, वर खाली. पुडीच्या पाण्यात काहीच हलत नव्हतं. तळाशी पांढरट ठिपके पडले होते.

"शुक्रवारी पोहत होत्या," ती म्हणाली. मला नव्हे, पेल्याला.

तिने त्यातली एक नळीने उचलली, काचेवर ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ बघितलं. मग बाजूला सरकली. "बघ. हात खिशात."

पण आधी काच बदलून तिने मला साध्या पाण्यातली जिवंत दाखवली. ते मी आयुष्यात विसरणार नाही. एक काचेचं अंग आणि त्याच्या आत सगळं उघडं. एक मोठा काळा डोळा, आणि तो डोळा थरथरत माझ्याकडे वळत होता. पाठीपाशी हृदय, इतकं भरभर की मोजता येईना. त्या एवढ्याशा ठिपक्यात कुणीतरी राहत होतं. मी श्वाससुद्धा घेतला नाही, आणि त्याची परवानगी होती.

मग तिने दुसरी ठेवली. ती मेलेली. तिच्या अंगावर पिठात घोळल्यासारखा पांढरा थर होता. आणि तिच्या डोक्यापासून एक पारदर्शक साल अर्धवट सुटलेलं, अर्धवट अडकलेलं.

"हे काय आहे आत्या?"

"कात," आत्या म्हणाली. "यांचं कवच वाढत नाही. पिल्लू वाढलं की जुनं कवच टाकतं, आत नवं असतं. पहिली कात दीड-दोन दिवसांत, शुक्रवारच्या आधीच. ती कशीबशी टाकली असणार. दुसरी टाकायची वेळ आली काल. तोवर अंगभर ही पूड बसलेली. फाटेना, निघेना. लहान मुलाचा स्वेटर डोक्यात अडकतो ना, हात वर आणि तोंड आत? तसं. फक्त ओढून काढायला कुणी नाही."

केसाच्या जाडीत हजार बसतात असले कण. ना विष, ना आम्ल, ना वास. नुसते येऊन अंगाला चिकटले. आणि चिकटून वाट बघत राहिले, ती कपडे बदलायला घेईपर्यंत. एवढं छोटं काहीतरी एवढं मोठं करू शकतं आणि ते एका बाईला दिसलं, कारण तिला शुक्रवारी बाटली उचलवली नव्हती.

मग आत्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "आता माझं काही खरं नाही."

दुपारी घरी जेवायच्या टेबलापाशी सभा भरली. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वन्सं, मला नीट कळू दे. कागदावर तुम्ही लिहिलंय शुक्रवारी संपवल्या. मग रविवारी मेलेल्या तुम्हाला दिसल्या कशा?"

"तेच तर."

"म्हणजे हे सांगायचं तर ते सांगावं लागणार."

"हो."

"आणि ते सांगितलं तर?"

"आमच्याकडे माणसापेक्षा कागद मोठा," आत्या म्हणाली. "एका ओळीत खोटं सापडलं की बाकीच्या ओळींना कोण विचारतं? खोली जाईल माझी."

खोली म्हणजे काय ते आम्हाला सांगायला नको होतं. आत्याने लग्न केलं नाही, कुठे फिरायला गेली नाही, तापात असतानाही बाबांच्या स्कूटरवर मागे बसून त्या बरण्या बघायला गेली. आजच्या पिसवा तिच्या पहिल्या पिसवांच्या शेकडाव्या पिढीच्या पुढच्या.

बाबा म्हणाले, "ताई, सोपं आहे. म्हणायचं, याच वेळी विसरले. शुक्रवारी घाई होती, ओतायच्या राहिल्या. एक चूक माणसाला माफ असते. बाकी एकोणीस वर्षं कोण उकरायला येतंय?"

आई म्हणाली, "हे बरंय." आईसुद्धा म्हणाली म्हटल्यावर मला ते शंभर टक्के बरोबर वाटलं. आत्यालाही पटल्यासारखं दिसलं. तिने संध्याकाळी आरशापुढे दोनदा म्हणून बघितलं, "सॉरी साहेब, या वेळी राहून गेल्या." शिट्टीसकट. चांगलं जमत होतं.

सोमवारी काय झालं ते तिने संध्याकाळी सांगितलं, साहेबांचा आवाज स्वतःच काढून. साहेब म्हणजे तिथले प्रमुख. माणूस हुशार, पण 'म्हणजे' शिवाय त्यांचं इंजिन सुरू होत नाही.

"म्हणजे बाई, म्हणजे बसा. म्हणजे काय झालं?"

आत्याने पेले दाखवले. साहेबांनी बघितलं. मग कागद बघितला. मग परत पेले.

"म्हणजे इथे तर चार चाळीसला विल्हेवाट लिहिलंय."

"हो साहेब."

"म्हणजे लावली नाहीत."

"नाही साहेब."

साहेब चष्मा काढून पुसायला लागले आणि, आत्या सांगते, त्यांनी स्वतःहूनच ती पळवाट तिच्यापुढे ठेवली. "म्हणजे या एकाच वेळी राहिलं. घाईत. हो ना? म्हणजे होतं असं."

आत्या 'हो' म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात साहेब पुढे म्हणाले, "पण बाई, याला अर्थ नाही. म्हणजे चार दिवस उपाशी ठेवलं तर कोणीही मरेल."

"मग साध्या पाण्यातल्या का नाही मेल्या?"

"म्हणजे असेल नशीब. वीस पिसवा, एक वेळ. म्हणजे उपाशी पिसू चार दिवस जगते हे तुम्ही कशावरून म्हणता? कुणी बघितलंय?"

आणि तिथे आत्याला कळलं की ती पळवाट घेतली तर बाहेर पडता येईल, पण पेले आतच राहतील. 'एकदाच झालं' म्हटलं, तर जे दिसलं तेही एकदाचंच. योगायोग. पुसून टाकायचं आणि अकरा वाजता सही.

"मी बघितलंय, साहेब," ती म्हणाली. "दर सोमवारी. एकोणीस वर्षं. शुक्रवारी पास झालेल्या पिसवा मी कधीच लगेच मारल्या नाहीत. दोन दिवस ठेवते. साध्या पाण्यातल्या सोमवारी जिवंत असतात, विसातली एखादी जाते. इतर पुडींच्या पाण्यातल्यासुद्धा बहुतेक असतात. अशा, कात अडकून, सगळ्या एकदम गेलेल्या मी पहिल्यांदा बघतेय. आणि ती शेवटची ओळ मी दरवेळी खोटी लिहिलीय."

"दरवेळी?" साहेबांनी विचारलं.

"दरवेळी."

"म्हणजे..." साहेब म्हणाले, आणि इंजिन तिथेच बंद पडलं. मग ते ओरडले. आत्याला नोकरीत पहिल्यांदा कुणी ओरडलं. प्रत्येक कागदावर आता कोण विश्वास ठेवणार, बाहेरच्या लोकांना काय सांगायचं, इतकी वर्षं, इतकी वर्षं बाई! आत्या उभीच. ओरडून झाल्यावर साहेब सूक्ष्मदर्शकापाशी गेले आणि त्यांनी डोळा लावला. वर्षानुवर्षं ते फक्त आकडेच बघत आले होते, असं आत्याचं म्हणणं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. बाहेर फोन वाजून वाजून बंद झाला. साहेबांनी काच सरकवली, दुसरी पिसू बघितली. तिसरी. सगळ्यांचा स्वेटर तिथेच अडकलेला.

शेवटी डोळा न काढताच ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, किल्ली टेबलावर ठेवा. तुम्ही या खोलीत यायचं नाही. चाचणी परत होईल, चार दिवसांची, आणि ती तुम्ही करणार नाही."

सांगताना आत्याने आमच्यापुढेही टेबलावर हात ठेवला, किल्ली ठेवल्यासारखा. बाबा म्हणाले, "ताई, कशाला बोललीस गं?" आई त्यांच्यावर डोळे वटारून म्हणाली, "गप्प बसा हो," आणि आत्याला आणखी चहा दिला.

चाचणी मातीच्या विभागातल्या दाढीवाल्याने केली. त्याचा हात गांडुळांवर बसलेला, पिसवा त्याला दिसायच्याच नाहीत. आत्या घरी. चार दिवस तिने कपाटं आवरली. सगळ्यांची. माझ्या कपाटात मला आता काही सापडत नाही. मधेच थांबून म्हणायची, "आत्ता तो नळी तिरकी धरत असेल," किंवा "बुडबुडा गेला ना अंगाखाली, की तरंगतात वर, मग मेल्या असं वाटतं, कळतंय का त्याला?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी विचारलं, "तुला काय हवंय ताई? मराव्यात की जगाव्यात?"

आत्या हातातला टॉवेल घडी करत राहिली. "जगल्या तर मी मूर्ख आणि खोटारडी. मेल्या तर नुसती खोटारडी," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "पण जगल्या तर बरं रे. नदीत कोण जाणार त्यांना सुट्टी द्यायला?"

पाचव्या दिवशी दाढीवाल्याचा फोन आला. तो खरं तर करायचा नव्हता. "ताई, साध्या पाण्यात एक गेली. पुडीच्या पाण्यात विसातल्या अठरा. कातीतच. मी असं कधी बघितलं नव्हतं हो," आणि मग अगदी कुजबुजत, "यांना डोळा असतो हे मला माहीतच नव्हतं."

अहवाल लिहिला गेला. दोन दिवसांत जवळजवळ काही परिणाम नाही. चार दिवसांत कात टाकता न आल्याने मृत्यू. हा पदार्थ उघड्यावर वापरायची परवानगी सध्या नाही. गोडबोल्या धावत आला. "पण सर, नियम अठ्ठेचाळीस तासांचा आहे. अठ्ठेचाळीस तासांचा!" साहेबांनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ते पिसवांना माहीत नाही." दाढीवाल्याने सांगितलं, या वाक्यात एकही 'म्हणजे' नव्हतं.

आत्याची चौकशी वेगळी झाली. तीन माणसं आणि मधे पाण्याचा तांब्या. जुने सगळे कागद काढले. मोजणीचे आकडे खरे होते, शेवटची ओळ खोटी, सगळीकडे. एकाने विचारलं, "दिसलं ते चांगलंच झालं, पण त्यामुळे लिहिलेलं खोटं खरं होतं का?" आत्या म्हणाली, "नाही होत." नोकरी राहिली. खोली गेली. बरण्या दाढीवाल्याकडे गेल्या. चार दिवसांची चाचणी मात्र आता नेहमीसाठी सुरू झाली.

आत्याला खाली काचसामान धुण्याच्या खोलीत पाठवलं. लांब टेबल, चार नळ, दिवसभर पेले आणि नळ्या. घरी बाबा म्हणाले, "बरं झालं, रविवार मिळाला." आत्या हसली नाही. पहिले काही दिवस ती जेवायची आणि खोलीत जायची. ती घरातून बाहेर पडताना अजून मधल्या मजल्याच्या वेळेलाच निघायची.

मग एका संध्याकाळी ती नेहमीसारखी शिट्टी वाजवत बोलायला लागली. त्या दिवशी तिने पुडीच्या पाण्याचा पेला साबणाने घासला, नियमाप्रमाणे तीनदा धुतला, दिव्याशी धरला. स्वच्छ. मग तिला वाटलं म्हणून तिने काळ्या कागदापुढे तिरक्या उजेडात धरला, तर काचेवर अगदी पुसट, दूध पिऊन ठेवलेल्या ग्लासासारखं धुकं होतं. "तीनदा धुतलेल्या पेल्यात!" आत्या म्हणाली. तिचे डोळे एवढाले झाले होते. "म्हणजे उद्या त्यात कुणी साधं पाणी घालणार, पिसवा सोडणार आणि म्हणणार हे साधं पाणी! अरे, किती चिवट असावं एखाद्याने!" ती त्या धुक्यावर रागावली होती की त्याच्या प्रेमात पडली होती, ते मला कळलं नाही.

पलीकडच्या नळावरच्या मावशींनी तिला हटकलं होतं. "अहो ताई, तीनदाच धुवायचं असतं. नियम आहे. भिंतीवर लावलाय बघा."

"वाचलाय मी," आत्या म्हणाली. पेला तिने चौथ्यांदा नळाखाली धरला, पाचव्यांदा धरला, काळ्या कागदापुढे बघितला, आणि सहाव्यांदा धुतल्यावर तो स्वच्छ निघाला. मग तिने हात पुसले, नोंदवही उघडली, आणि 'किती वेळा धुतले' या रकान्यात, जिथे वरपासून खालपर्यंत सगळ्यांनी तीन, तीन, तीन लिहिलं होतं, तिथे सहा लिहून खाली सही केली.